बीएलएस-एसीएलएस कोर्स केला, पैसे वसूल झाले का? एका इंटर्नचा रिव्ह्यू

ज्युनियर्स सारखे विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवायला नको. प्रश्न सगळ्यांचा एकच, ताई एएचएचा (अमेरिकन हार्ट असोसिएशनचा) बीएलएस-एसीएलएस, म्हणजे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कार्डियाक लाइफ सपोर्ट, हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवायचं ट्रेनिंग, करू का, एवढे पैसे घालण्यासारखं काही आहे का त्यात, का नुसतं सर्टिफिकेटसाठीच असतं सगळं. तर माझं मत, करा. पण कॅज्युअल्टी (इमर्जन्सी विभाग) पोस्टिंगच्या आधी करा, सेंटर बघून करा, आणि हा कोर्स झाला म्हणजे आपल्याकडची कॅज्युअल्टी जमली अशा भ्रमात राहू नका, ती वेगळीच भानगड आहे. पाचापैकी साडेतीन स्टार. दीड कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी बेसिक माहिती. कोर्स अमेरिकन हार्ट असोसिएशनचा, पण घेतात आपल्याकडची ट्रेनिंग सेंटर्स. काही मोठ्या हॉस्पिटलांची, काही मेडिकल कॉलेजांच्या स्किल लॅबमधली, काही नुसती कोर्सेस घ्यायलाच काढलेली. पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. बीएलएस एका दिवसात उरकतो, एसीएलएस दोन दिवसांचा, बहुतेक ठिकाणी जोडूनच देतात. फी सेंटरप्रमाणे बदलते, मी केला तिथे दोन्ही मिळून दहा हजारांच्या आसपास गेले, स्टायपेंड हातात पडला आणि गेला असं झालं त्या महिन्यात. मॅन्युअल फीमध्ये धरलंय का वेगळं लावतात ते आधीच विचारून घ्या. कार्ड ऑनलाइन येतं आणि २ वर्षं चालतं. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण इन्स्ट्रक्टर बदलला की त्याच सेंटरचा अनुभव पूर्ण वेगळा येतो हे बाकीच्यांशी बोलून कळलंय.

बीएलएसचा दिवस मला सगळ्यात जास्त आवडला, जो सगळे जण "ते तर येतंच आपल्याला" म्हणून हलक्यात घेतात तोच. खरं सांगायचं तर एमबीबीएसच्या सिलॅबसमध्ये ॲनेस्थेशियाच्या (भुलीच्या) भागात बीएलएस डमीवर करून दाखवता यायला पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण आमच्या कॉलेजात अख्ख्या बॅचला एक डमी, पुढच्या रांगेतल्या चार जणांनी हात लावला, बाकीच्यांनी मागून फोटो काढले आणि जर्नलवर सही घेतली. इथे तसं चालत नाही. समोर व्हिडिओ लागतो, त्यातला माणूस करतो तसं तुम्ही त्याच वेळी डमीवर करायचं, थांबला की थांबायचं, परत करायचं, परत. मिनिटाला १०० ते १२० चा वेग, खोली किमान ५ सेंटीमीटर पण ६ च्या वर नाही, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाब मग २ श्वास. हे वाक्य व्हायवामध्ये आपण सगळेच धडाधड म्हणतो. पण डमीला जोडलेल्या स्क्रीनवर जेव्हा दिसतं की वेग १४० झालाय, खोली चारच सेंटीमीटर आहे आणि तुम्ही वर येताना हाताचा भार छातीवरच ठेवताय, तेव्हा कळतं की आपल्याला "येत" होतं म्हणजे काय येत होतं. २०१९ पासून एएचएने हे फीडबॅक देणारं यंत्र मोठ्यांच्या सीपीआर कोर्सला सक्तीचं केलंय, आणि माझ्या मते फीमधले निम्मे पैसे या एका गोष्टीचे आहेत. ते नसेल तर सरळ दुसरं सेंटर बघा.

आणि २ मिनिटं खूप मोठी असतात हो. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा हे का सांगतात ते दीड मिनिटाला खांदे भरून आले की समजतं. आमच्या ग्रुपमध्ये एक जिमवाला मुलगा होता, सगळ्यात आधी त्याची खोली घसरली, कारण तो कोपर वाकवून नुसत्या दंडाच्या जोरावर दाबत होता. इन्स्ट्रक्टर सरांनी त्याला उभं करून एका बारीकशा नर्सिंगच्या मुलीला बसवलं, तिने हात सरळ ठेवून कमरेतून भार टाकला आणि स्क्रीनवर सलग हिरवं. बघण्यासारखं होतं ते.

अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हा दुसरा भाग. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायचा, अंगठा आणि पहिलं बोट वरून, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा मास्ककडे ओढायचा, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही. मुलींचे हात लहान म्हणून एका हाताने जमत नाही, असं मलाही वाटायचं. सरांनी सांगितलं, जमत नसेल तर दोन हातांनी मास्क धर आणि बॅग दुसऱ्याला दाबायला लाव, कुणी बक्षीस देणार नाहीये एकहाती केल्याबद्दल. एवढं साधं पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

एसीएलएसचे दोन दिवस मात्र थोडे चढउताराचे गेले. अल्गोरिदम, म्हणजे कधी काय करायचं त्याच्या ठरलेल्या पायऱ्या, आधी पाठ करून जायचे असतात, घरून ऑनलाइन प्री-टेस्ट देऊन ७० टक्के पाडल्याशिवाय यायचंच नाही असा नियम आहे, आणि तो लोक गंमतीत घेतात. आमच्यातले तिघे-चौघे उत्तरं एकमेकांना फॉरवर्ड करून आले होते आणि मग पूर्ण दिवस व्हीएफ आणि व्हीटी या हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांमध्येच अडकून बसले, त्यांच्यासाठी सगळा ग्रुप थांबला. ईसीजी कच्चा असेल तर आधी घरी बसून पक्का करा, तिथे शिकवायला वेळ नसतो, तिथे पाढ्यांसारखं सगळं तोंडावर पाहिजे. ठोका शॉकेबल (शॉक देण्यासारखा) आहे का नाही, शॉक दिला की पल्स न बघता लगेच कॉम्प्रेशन, औषधांत ॲड्रेनॅलिन १ मिलीग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, अमिओडेरोन आधी ३०० मग १५०, पल्स बघायला १० सेकंदांच्या वर नाही, श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर ६ सेकंदाला एक श्वास.

खरी मजा मेगाकोडला, म्हणजे टीमने मिळून करायच्या नकली केसला. पाच-सहा जणांची टीम, एक लीडर, इन्स्ट्रक्टर मॉनिटरवरचा रिदम बदलत राहतो आणि लीडरने फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. आपल्याकडे इंटर्न म्हणजे ब्लड कलेक्शन करणारा आणि रिपोर्ट आणणारा प्राणी, त्याला कुणी लीडर केलेलंच नसतं, त्यामुळे पहिल्या वेळी सगळ्यांचा आवाज घशातच. "कुणीतरी ॲड्रेनॅलिन द्या" म्हटलं की सर विचारणार, कुणीतरी म्हणजे कोण? नाव घेऊन सांगायचं, किती द्यायचं ते सांगायचं, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं आणि दिल्यावर दिलं म्हणून सांगायचं. ऐकायला शाळेतल्या नाटकासारखं वाटतं पण नंतर कॅज्युअल्टीत एकाच पेशंटला दोघांनी वेगवेगळं ॲड्रेनॅलिन भरलं आणि किती गेलं याचा कुणालाच पत्ता नाही असं बघितलं की नाटक बरं म्हणायची वेळ येते. शेवटी लेखी परीक्षा, पास व्हायला ८४ टक्के. वाचून गेलात तर अवघड नाही.

आता तक्रारी. एका स्टेशनवर सहा, फार तर आठ जण असायला हवेत, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एक इन्स्ट्रक्टर आलेच नाहीत म्हणून दोन ग्रुप एकत्र केले आणि बाराएक जण एका डमीभोवती. मेगाकोडला लीडरची पाळी काही जणांना घाईघाईत उरकावी लागली, ज्याचे पैसे आपण भरतो तीच गोष्ट कमी मिळाली. रिसेप्शनवर विचारलं तर मॅडम म्हणे, "अहो पण सगळे पासच झालेत ना!" पास व्हायला आले नव्हते बाई मी. याचा अर्धा स्टार गेला.

उरलेला एक स्टार कोर्सच्या दर्जावरचा नाही, तो आपल्या आणि त्याच्या मधल्या अंतराचा आहे. तिथे ॲड्रेनॅलिन म्हटलं की डब्यातून भरलेली सिरिंज निघते, इथे तुम्हाला १ मिलीचं ॲम्प्यूल फोडायचंय, काचेने बोट कापलं तर पुसायचं, भरायचं आणि मागून २० मिली सलाईन ढकलायचं. कोर्समध्ये ब्रॅडिकार्डियाला (मंद ठोक्यांना) ॲट्रोपिन १ मिलीग्रॅम, आपलं ॲम्प्यूल ०.६ चं, म्हणजे एक फोडलं तर कमी आणि दोन फोडली तर जास्त, हे गणित रात्री तीन वाजता करायचं. शॉक द्यायला तिथे चिकटवायचे पॅड्स, इथे बऱ्याच ठिकाणी अजून पॅडल्स आहेत, जेलीची ट्यूब ड्रॉवरमध्ये शोधायची आणि पॅडल दाबून धरायचं. माझी सूचना, कोर्सवरून आलात की पहिल्याच ड्युटीला आपल्या कॅज्युअल्टीची क्रॅश ट्रॉली (इमर्जन्सीच्या औषधांची गाडी) उघडून बघा, सिस्टरना विचारा डिफिब (शॉक द्यायचं मशीन) चालू कसा होतो, चार्ज असतो का, सिंकचं बटन कुठे. सिस्टर हसतील पण सांगतील.

त्याहून मोठं अंतर पेशंटचं. एसीएलएस हा हृदय बंद पडलेल्या किंवा पडायला आलेल्या माणसाचा कोर्स आहे, आणि त्या कामात तो उत्तम आहे. पण आमच्या कॅज्युअल्टीत पावसाळ्यात जे येतं त्यात सर्पदंश, विंचू आणि फवारणीचं औषध प्यायलेले यांचाच भरणा. ॲट्रोपिनचंच बघा. एसीएलएसमध्ये ब्रॅडिकार्डियाला ॲट्रोपिन एकूण ३ मिलीग्रॅमपर्यंत, पुढे नाही, हे डोक्यात इतकं ठोकून बसवतात की ओपी पॉयझनचा, म्हणजे फवारणीचं औषध प्यायलेला, पेशंट आला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत नुसती खरखर, आणि मेडिसिनचे रेसिडेंट सर दर पाच मिनिटांनी डोस डबल करत चाललेत, ॲम्प्यूलचा ट्रेमध्ये ढीग, तर नवीन इंटर्न घाबरून एकमेकांकडे बघायला लागतात. तिथे थांबायचं ते आकड्यावर नाही, छाती कोरडी झाली का, प्रेशर आणि पल्स वर आले का त्यावर. हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नसतं.

सापाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच अँटीव्हेनम, पण पेशंट कसा दिसतो ते चौघांचं सारखं नसतं. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठत नाही, मग २ मिली रक्त काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग ट्यूब तिरकी करून बघायची. मला सिस्टरनी ट्यूब हातातून काढून घेतली होती, "ही धुतलेली आहे डॉक्टर, नवी घ्या, साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही कधी कधी." पुस्तकात ही ओळ होती, मी वाचलीही होती, पण लक्षात राहिली ती त्या दिवसापासून.

आणि मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस, रात्री कधी चावली कळलंच नाही, खूण जवळजवळ नाहीच, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि सकाळी पापण्या उघडेनात. अशा एका पेशंटला आमच्याकडे आणलं तेव्हा आयसीयूमध्ये व्हेंटिलेटर मोकळा व्हायला वेळ होता, ट्यूब टाकली आणि बॅग माझ्या हातात दिली. तेवढा वेळ मी फक्त ६ सेकंदाला एक, ६ सेकंदाला एक करत उभी होते, बाजूला नातेवाईक रडतायत, वॉर्डबॉय मामा ऑक्सिजनचा सिलेंडर बदलतायत, आणि हात आपोआप जोरात आणि पटापट दाबायला लागतात, अगदी कोर्समध्ये व्हायचं तसंच. तिथे सरांनी दहा वेळा टोकलेलं कामाला आलं. म्हणजे हात त्या कोर्सने दिले, पण हा मण्यारचा पेशंट आहे, खूण दिसत नाही म्हणून साप नाही असं समजून घरी पाठवायचं नाही, हे ओळखलं सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) मॅडमनी, आणि ते त्यांनी वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी काढून मिळवलंय.

आपल्याच राज्यात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवून दाखवली, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. इमर्जन्सी मेडिसिन म्हणजे परदेशातून आलेली ब्रँच असं जे वाटतं ना, त्यांनी एवढं वाचावं.

मग आपल्या पेशंटचा कोर्स कुठला? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये नेल्स, म्हणजे नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट, काढलाय, डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिक्ससाठी. त्यात हृदय आणि श्वासाबरोबर ट्रॉमा (अपघाताच्या जखमा), बाळंतपणातल्या इमर्जन्सी, लहान मुलं, सर्पदंश आणि विषबाधा सगळं धरलंय. मी तो केलेला नाही त्यामुळे स्टार देत नाही, पण तुमच्या कॉलेजच्या स्किल सेंटरला होत असेल तर आधी तिथे नाव घाला. एटीएलएसबद्दलही (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) विचारतात. तो ट्रॉमाचा, १९७६ ला नेब्रास्कात एका ऑर्थोपेडिक सर्जनचं विमान कोसळलं, बायको गेली, मुलं जखमी, आणि गावातल्या हॉस्पिटलात मिळालेली ट्रीटमेंट बघून तो हादरला, त्यातून तो कोर्स उभा राहिला. भारतात २००९ पासून आहे. चांगलाच आहे, पण महाग, आणि सर्जरी, ऑर्थो किंवा इमर्जन्सीला पीजी लागल्यावर केलात तर जास्त उपयोग, इंटर्नशिपमध्ये घाई नको.

फुकटचं ट्रेनिंग मात्र कुणी सोडू नका. इंटर्नशिपच्या नियमात कॅज्युअल्टीचे २ आठवडे आणि ॲनेस्थेशियाचे २ आठवडे सक्तीचे आहेत, आणि निम्मे लोक ॲनेस्थेशियाचे दिवस सही करून लायब्ररीत काढतात. अरे ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाऊन उभे राहा ना! इंडक्शन (भूल देऊन झोपवणं) झाल्यावर खऱ्या माणसाच्या, दाढीवाल्या, दात नसलेल्या, जाड मानेच्या चेहऱ्यावर मास्क धरायला मिळतो, आणि शेजारी कन्सल्टंट उभे असतात त्यामुळे पेशंटला धोका नाही. डमीला दाढी नसते. मॅडमना सकाळी लवकर जाऊन "मॅडम, मास्क मी धरू का" एवढं विचारलं तरी पुरतं, तिसऱ्या-चौथ्या केसला त्या स्वतःच बोलावतात. कॅज्युअल्टीत नाईट मागून घ्या, दिवसा गर्दी असते पण रात्री शिकवायला माणूस सापडतो. १०८ ची गाडी आली की तिथल्या डॉक्टरांचं नीट ऐकून घ्या, रस्त्यात काय दिलं, किती वाजता उचललं. २०१४ पासून ती सेवा चालू आहे, ९३७ गाड्यांनी सुरू झाली, आणि आजही बऱ्याच ठिकाणी त्यांचा हँडओव्हर कुणी कागदावर घेत नाही.

इलेक्टिव्हला (आपण निवडायच्या पोस्टिंगला) इमर्जन्सी मेडिसिन घ्यायचं असेल तर आधी तुमच्या कॉलेजात तो डिपार्टमेंट खरोखर चालतो का बघा. एमसीआयने (तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने) एमडी इमर्जन्सी मेडिसिनला २००९ ला मान्यता दिली, २०२० च्या नियमांत कॉलेजांना हा डिपार्टमेंट सक्तीचा झाला आणि २०२३ च्या नियमांत परत त्या यादीतून गळला. त्यामुळे कुठे फुल टीम, ट्रायाज (किती गंभीर ते बघून पेशंटची विभागणी), रेड-यलो-ग्रीन सगळं आहे, आणि कुठे दारावर नुसती पाटी आहे आणि आत तोच एक सीएमओ, एमएलसीचं (पोलीस केसचं) रजिस्टर आणि पोलीस. पाटी असलेल्या ठिकाणी इलेक्टिव्ह घेऊन एमएलसी लिहीत बसाल.

तर कुणी करावा? कॅज्युअल्टी पोस्टिंग पुढे आहे त्याने, बाँडवर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जाणाऱ्याने नक्की, प्रायव्हेटला आरएमओ (हॉस्पिटलचा ड्युटी डॉक्टर) लागायचंय त्याने तर करावाच लागेल, कारण कार्ड विचारतात. नीट-पीजीच्या मार्कांसाठी करू नका, त्यासाठी मॅन्युअल मित्राकडून वाचायला घ्या. सेकंड-थर्ड इयरवाल्यांनी आत्ता फक्त बीएलएस करा, एसीएलएस आत्ता केलात तर इंटर्नशिप येईपर्यंत कार्ड संपलेलं असेल आणि औषधांचे डोसही विसरलेले असाल.

पैसे भरायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा, एका स्टेशनला किती जण, फीडबॅकवाले डमी किती आहेत आणि चालतात का, आणि मॅन्युअल कुठल्या वर्षाचं, कारण गाइडलाइन्स २०२५ ला नव्या आल्यात आणि जुनी पुस्तकं अजून फिरतायत. कार्डवरचं स्पेलिंग तिथेच तपासून घ्या, नंतर दुरुस्त करायला फार फोन करावे लागतात. आणि मुलींनो, कुर्ता-ओढणी नको, पँट घालून जा, केस बांधा, पूर्ण दिवस गुडघ्यांवर बसायचंय आणि फरशी गार असते, मी दुसऱ्या दिवशी घरून जुनी चादर घडी करून नेली आणि मग लंचनंतर ती ग्रुपमध्ये सगळ्यांकडे फिरत होती.